पायाळूचा हात

आमच्या घरात पायाळू एकच, माझी मुलगी. आणि नेमकी तीच तेव्हा माझ्याशी बोलत नव्हती.

पायाळू म्हणजे पायांकडून जन्मलेलं माणूस. पाठीत उसण भरली की पायाळूनं पाय लावायचा, उसण उतरते, असं आमच्या रत्नागिरीकडे मानतात. एरवी मोठ्या माणसाला चुकून पाय लागला तर वाकून नमस्कार करायचा. पायाळूसमोर मात्र मोठी माणसंच पालथी पडून म्हणतात, "मार लाथ." लेक लहान होती तेव्हा भाईंदरच्या आमच्या बिल्डिंगमधली कोकणातली बिऱ्हाडं तिला खेळता खेळता उचलून न्यायची. खालच्या मजल्यावरच्या एका काकांना तिनं इतक्या आवडीनं लाथ मारली होती की त्यांची उसण उतरली की नाही ते बाजूलाच राहिलं, बरगडीला मात्र शेक द्यावा लागला. मोठी झाल्यावर तिला या सगळ्याची लाज वाटायला लागली. "मी काय मसाज मशीन आहे का?" म्हणायची आणि दार लावून घ्यायची.

ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना, माझ्या बेचाळिसाव्या वर्षी, मला दिवस गेले.

पाळी चुकली ती वयामुळेच, असं मी धरून चालले होते. खरं कळलं तेव्हा नवऱ्यानं डोक्याला हात लावला, मग हसला. सासूबाई म्हणाल्या, "देतोय तर ओटी पसरायची गो. वय बघून देतो काय तो?" राहिली लेक. तिला आज सांगू, उद्या सांगू करत मी दिवस काढले. तिच्यासमोर ओढणी पसरून बसायचे. आपल्या वयात आलेल्या मुलीला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? शेवटी शेजारणीनंच तिला लिफ्टमध्ये गाठलं. "अरे वाह, दीदी बननेवाली हो! मिठाई कब खिला रही हो?"

लेक घरात आली. बूट काढता काढता एवढंच म्हणाली, "लिफ्टमध्ये कळलं मला."

त्यानंतर तिचं माझ्याशी बोलणं आजीमार्फत. "आजी, आईला सांग, डबा नकोय." मी दोन हातांवर, पोळ्या लाटतेय. आणि सासूबाई इमानदारीनं निरोप पोचवायच्या, "डबा नको म्हणते ती." मी म्हणायचे, "ऐकलं." एरवी मला हसू आलं असतं.

आता जे लिहितेय ते तेव्हा मी कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. सुरुवातीचे काही आठवडे मला हे मूल नको होतं. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मनात यायचं, आपोआप काही झालं तर सुटेन. मागणं असं नव्हतं ते. पण हात जोडलेले असताना मनात आलं, म्हणजे देवानं ऐकलंच असणार. पुढे पोट दिसायला लागलं, आत हालचाल कळायला लागली, आणि ते नकोपण कुठे गेलं मला समजलं नाही. गेलं खरं. पण तोवर माझ्या पायांना गोळे यायला लागले होते, आणि मी मनाशी पक्कं केलं की ही त्या विचाराचीच शिक्षा आहे.

ज्यांना कधी पोटरीत गोळा आला नाही त्यांना कसं सांगू? ओलं फडकं पिळतात तशी पोटरी आतून पिळली जाते. हात लावावा तर दगड. पायाची बोटं आपोआप खाली वळतात आणि माणूस श्वास घ्यायचंच विसरतं. मला हे व्हायचं उजाडायच्या सुमाराला, आळस द्यायला पाय ताणले की. ओरडावं तर बाहेर हॉलमध्ये लेक आणि सासूबाई झोपलेल्या. मी उशीचं टोक दातांत धरायचे. नवऱ्याची घोडबंदर रोडच्या गॅरेजमधली ड्यूटी बहुतेक रात्रपाळीची, त्यामुळे शेजारी कुणी नसायचं. आणि असता तरी मी उठवलं नसतं. शिक्षा आहे तर मुकाट्यानं भोगायची, एवढंच मला कळत होतं. डॉक्टरीणबाईंना दर खेपेला सांगायचे, "बाकी काही त्रास नाही."

शिक्षेत थोडी भर माझी मीच घालत होते, ते पुढे कळलं. मी भाईंदर पूर्वेला इमिटेशन ज्वेलरीच्या गाळ्यात काम करते. कानातले तपासायचे, कार्डावर लावायचे, पिशवीत भरायचे. आम्ही बायका चटईवर मांडी घालून ओळीनं बसतो. गाळ्यांचं संडास मजल्याच्या पार टोकाला, सगळ्यांना मिळून एक. दाराची कडी नीट लागत नाही, आणि वाटेत पॉलिशवाली माणसं तंबाखू मळत उभी. म्हणून आमच्यात एक शहाणपण चालतं, पाणी प्यायचंच नाही. सकाळी घरून चहा घेऊन निघायचं आणि संध्याकाळी घरी जाऊन तांब्या तोंडाला लावायचा. नवीन आलेली मुलगी बाटलीतून घटाघटा प्यायला लागली की जुन्या बायका तिला हसतात. पोटात बाळ घेऊनही मी तेच करत होते, आणि वर मला त्याचा अभिमान होता.

सातव्या महिन्यातल्या तपासणीला सासूबाईंनी लेकीला माझ्याबरोबर ढकललं. "मी येत नाय, माझे गुडघे धरलेत. तू जा." काशीगावच्या दवाखान्याकडे जाणाऱ्या रिक्षात आम्ही दोघी दोन टोकांना बसलो, मध्ये माझी फाइल.

डॉक्टरीणबाईंनी वजन घेतलं, ब्लडप्रेशर पाहिलं, विचारलं, "आणखी काही?"

"नाही," मी म्हटलं.

"पायात गोळे येतात तिला," लेक भिंतीकडे बघत म्हणाली. "पहाटे. उशी तोंडात घालून रडते."

मी खाली मान घातली. म्हणजे हॉलमध्ये ती जागी असायची. रुसून पलीकडे तोंड करून झोपलेली ही मुलगी रोज माझं न रडणं ऐकत होती.

डॉक्टरीणबाईंनी फाइल मिटली. "हे आधी का नाही सांगितलंत?" मग मला सोडून त्या लेकीलाच समजावू लागल्या, कारण पेन काढून ऐकत होती ती. पोटुश्या बायकांना असे गोळे येतात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत. कशानं येतात ते नेमकं सांगता येत नाही. पाणी भरपूर प्यायचं. फार वेळ मांडी घालून किंवा उभं राहायचं नाही, मधूनमधून पावलं गोल फिरवायची. रोज थोडं चालायचं. झोपायच्या आधी भिंतीला हात टेकून एक पाय मागे न्यायचा, टाच जमिनीला, गुडघा सरळ, आणि पोटरी ताणली जाईल इतकंच पुढे झुकायचं. आळस देताना बोटं पुढे ताणायची नाहीत, टाच पुढे करायची. गोळा आलाच तर गुडघा सरळ ठेवून पाऊल वर, नडगीच्या दिशेनं दाबायचं, सुटला की हलक्या हातानं चोळायचं. गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत, लागल्या तर त्या देतील.

"आणि एक नीट लक्षात ठेव," त्या म्हणाल्या. "एकच पाय सुजला, लाल झाला, गरम लागला, किंवा दुखणं सुटतच नाही असं झालं, तर गोळा समजून चोळत बसायचं नाही. तसंच निघून यायचं."

"हो," लेक म्हणाली.

परत येताना रिक्षात फाइल तिच्या मांडीवर होती. घरी निरोप मात्र अजून आजीमार्फतच.

पुढच्या रविवारी दुपारी जेवणं झाली होती. बांगड्याचं कालवण झालं होतं, सगळ्यांनाच सुस्ती आलेली. मी हॉलमधल्या दिवाणावर डाव्या कुशीवर पडले होते. सासूबाई खाली बसून लसूण सोलत होत्या. झोपेतच मी पाय ताणला असणार, बोटं पुढे करूनच, आणि पोटरी अशी चढली की उशी शोधायला वेळच मिळाला नाही. मी ओरडले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"वांब आला काय गो?" सासूबाईंनी लसणाचं ताट लोटलं. "बाय! ए बाय! ये लौकर, पाय लाव आईच्या पोटरीला!"

लेक आतून धावत आली, एका कानात हेडफोन तसाच. "आजी, ती उसण नाहीये!"

"वांब काय नि उसण काय, शिरच ना ती!"

"मी प्रेग्नंट बाईला लाथ मारू?"

"मारू नको गो, नुसता लाव!"

"डॉक्टरांनी काय सांगितलंय..."

"डाक्टर पायाळू हाय काय?"

"तुमचं ठरेपर्यंत मी मरेन गं!" मी किंचाळले.

तशी ती दिवाणाशी गुडघ्यांवर बसली. एक हात माझ्या गुडघ्यावर ठेवून पाय सरळ केला, दुसरा तळव्याला लावला आणि बोटं माझ्याकडे वळवून दाबत गेली. "गुडघा वाकवू नको. बोटं सोड. आई, माझ्याकडे बघ. श्वास घे. आई!"

दोनदा आई म्हणाली. पोटरीत दगड असतानाही ते मला ऐकू आलं.

गोळा एकदम सुटत नाही, कुरकुरत सुटतो. तिनं हात काढला नाही. मग खालून वर हलके हलके चोळत राहिली. तिच्या हाताला ऊब होती आणि आंघोळीच्या साबणाचा वास. मी रडत होते, पण आता ते दुखण्याचं नव्हतं.

"अजून दुखतंय?"

"नाही." आणि मग सुटलंच तोंडातून. "मला हे मूल नको होतं गं. सुरुवातीला. देवापुढे उभं राहून मनात आणलं मी तसं. त्याचंच हे भोगतेय."

सासूबाई लसणाच्या पाकळ्या गोळा करत राहिल्या. ऐकलं नसेल असं नाही. मान वर केली नाही, एवढे त्यांचे उपकार.

लेकीचा हात थांबला. "म्हणून सांगत नव्हतीस? डॉक्टरांना पण?"

मी मान डोलावली.

"आई, तू पाणी पीत नाहीस म्हणून आणि येतच असतात म्हणून येतात ते. देवाला एवढा वेळ आहे का, एकेकीच्या पोटऱ्या पिळत बसायला?" मग, माझ्या पायाकडे बघत, "मला तर अजूनही नकोय. मैत्रिणी हसतात. तू मला शेवटी सांगितलंस... सांगितलंसच नाही. त्याचा राग आहे मला. तो राहणारे काही दिवस."

"राहू दे."

"हं. दुसरा पाय दे."

"तो दुखत नाहीये."

"दे म्हटलं ना."

सासूबाई ताट घेऊन उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबून विजयी आवाजात म्हणाल्या, "उतरला ना? पायाळूचा हात लागला, उतरणारच!"

गोळे त्यानंतर आलेच नाहीत असं नाही. आले, पण कमी, आणि मी हाक मारायला शिकले. रोज झोपायच्या आधी लेक मला भिंतीला उभं करायची, "टाच खाली, टाच," म्हणून मागून ओरडायची. रागातच ओरडायची, पण चुकवलं नाही कधी. पाण्याची मोठी बाटली तीच भरून पिशवीत ठेवायची आणि संध्याकाळी उलटी करून बघायची.

गाळ्यात माझी भरलेली बाटली बघून बायका हसल्या. पण माझ्या शेजारी बसणारी, समुद्राकाठच्या पाली गावची मैत्रीण हसली नाही. दर रविवारी चर्चला जाणारी, कोळ्याच्या घरची, खणखणीत आवाजाची बाई. तिनं बाटलीचं झाकण उघडून माझ्या हातात दिलं. "पी तू. भायेर मी उभी हाय. बगते कोन येतो तो." आणि खरंच, मला जायचं असलं की ती हातातलं काम टाकून बरोबर यायची आणि दाराला पाठ लावून उभी राहायची. पॉलिशवाल्यांना म्हणायची, "सरका, कामं न्हायत काय?" महिनाभरात ओळीतल्या आणखी दोघींच्या पिशवीत बाटल्या दिसायला लागल्या. शेठनंही "बेन, नीचे मत बैठो" म्हणत स्वतःजवळची खुर्ची सरकवली. इतकी वर्षं मी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. मागितलं असतं तर मिळालं असतं, हेच मला माहीत नव्हतं.

मुलगी झाली. सुखरूप, दोघीही. सासूबाईंनी दवाखान्याच्या खोलीत शिरता शिरता पहिला प्रश्न केला, "डोक्याकडून की पायांकडून?"

"डोक्याकडून," लेक म्हणाली. "माझी नोकरी शाबूत आहे, आजी."

बाळाला माझ्यानंतर पहिलं मांडीवर घेतलं ते तिनंच. घ्यायला हात पुढे केले नव्हते, नर्सनं दिलं म्हणून घेतलं, आणि अवघडून बसली. दुपट्यातून एक एवढासा पाय बाहेर आला होता. तिनं तो काही वेळ नुसता पाहिला. मग अंगठा तळव्याला टेकवला आणि अगदी हलकेच, बोटं वर, नडगीच्या दिशेनं दाबला.

मी बघतेय हे लक्षात आल्यावर म्हणाली, "सवय लागलीय मला. तू झोप."

मी झोपले.