एका नंबराला एकच माणूस

भोरच्या एका संस्थेत भाताच्या बियाण्यासाठी नाव नोंदवायला गेलो, तिथं तो बसला होता. नोंदणीचा डेटाबेस त्यानंच बांधलेला. त्याचं नाव विचारायचं राहिलं, कारण त्याला सांगायचं दुसरंच पुष्कळ होतं.

"हा डेटाबेस ओपन सोर्स आहे," कीबोर्डवर फुंकर मारत तो रांगेला समजावत होता. "आतलं सगळं उघडं. कोणीही वाचावं, कोणीही सुधारावं."

हिर्डोशीकडच्या एका आजींची नोंद मात्र होईना. त्यांचा मोबाईल नंबर आधीच दुसऱ्याच्या नावावर होता, आणि एका नंबराला एकच माणूस हा त्याचा नियम.

"आमच्या वाडीत रेंज एकाच्याच अंगणात येती," आजी म्हणाल्या. "समदी त्याचाच नंबर देत्यात."

"सिस्टीम घेत नाही, आजी."

"कुनीबी सुधारावं म्हनला ना मगाशी? मग तुमीच सुधारा की."

त्यानं चष्मा काढून सावकाश पुसला. नियम काढायला कोडची एक ओळ बदलली असती तरी पुरलं असतं, पण तो त्यानं स्वतः लिहिलेला, चुकेल कसा? शेवटी आजींच्या नावापुढं त्यानं स्वतःचा नंबर टाकला आणि उपकार केल्यासारखा हसला.

आजींच्या मागं त्याच वाडीतली अजून अकरा माणसं उभी होती.