नागोरावांचा खरा खेळ

पूर्णा जंक्शनवर हिंगोलीची गाडी लागायच्या आतच माझी पहिली फजिती उरकली होती. प्रवासात ती जितकी लवकर उरकेल तितकं बरं; पुढं माणूस निवांत बसतो. पुण्याहून निघताना मी पांढरी फ्लॅनेलची पँट चढवली होती आणि काखेत रॅकेट मारली होती. टेनिस येतं म्हणून नव्हे. मी कोर्टावर उभा राहिलो की शेजारच्या कोर्टावरचे लोक आपले चेंडू उचलून ठेवतात. पण टेनिसचे सामने बघायला चाललेल्या माणसानं रिकाम्या हातानं कसं उतरायचं? निजामाच्या मुलखात शिरल्यावर करोडगिरीच्या (जकातीच्या) शिपायानं ती रॅकेट माझ्या काखेतून काढली, तारा बोटानं छेडल्या आणि कानाशी धरली.

"बजता कैसा ये?"

"बजाने का नहीं, मारने का है," मी माझ्या पुणेरी हिंदीत म्हणालो.

शिपाई दोन पावलं मागं सरला आणि त्यानं वरच्या अंमलदाराला हाक मारली. अंमलदारासमोर मी फलाटावर, हातात चेंडू नसताना, हवेत चार फटके मारून दाखवले. पाचवा फटका एका पानवाल्याच्या टोपलीला लागला. त्यानंतर कोणी काही विचारलं नाही. मला लवकर पुढं पाठवण्यातच सगळ्यांना शहाणपण दिसलं.

पूर्णेहून हिंगोलीची गाडी म्हणजे घरच्या माणसासारखी. बसमतला थांबली तेव्हा तिला पुन्हा निघायची आठवण कोणी करून द्यावी लागेल असं वाटलं. दोन्ही बाजूंना काळी जमीन, तिच्यावर कणसाला आलेली ज्वारी, मधूनच कापसाच्या गाड्यांची रांग, आणि माझ्या पँटीवर इंजिनाचा कोळसा. हिंगोलीला उतरलो तेव्हा माझा एक पाय पांढरा आणि एक करडा होता.

स्टेशनवर किसनराव वकील न्यायला आला होता. वकिलीच्या वर्गात आम्ही एका बाकावर बसत होतो. तो पास झाला आणि मी प्रवासवर्णनं लिहू लागलो. त्याचंच पत्र आलं होतं: 'हैदराबादचा चँपियन कप्तान इथं खेळायला येतोय आणि पहिल्याच फेरीत त्याची गाठ आमच्या नागोरावाशी आहे. ये. पुण्यात बसून असलं काही दिसायचं नाही.'

"कोण हा नागोराव?" टांग्यात बसता बसता मी विचारलं.

"तहसिलीत अहलकार आहे. कारकून म्हण. पण उद्या बघ!"

हिंगोलीला पूर्वी फौजेची छावणी होती. फौज गेली, मागं राहिली रुंद रस्त्यांवरची मोठी झाडं, कडुनिंबांत लपलेले बंगले आणि अंमलदारांचा क्लब. क्लबात मुरमाची दोन कोर्टं. हिवाळ्यात तिथं सामने भरत. कप्तान खरं तर शिकारीला आला होता. नागोरावाच्या साहेबांनी आग्रह केला म्हणून खेळायला तयार झाला.

क्लबच्या फाटकासमोर एक चहाचं हॉटेल होतं. संध्याकाळी किसनरावानं मला तिथं नेलं. बाकावर गोरेगावचे बापूराव पाटील बसले होते. भारदस्त माणूस, मोठा फेटा. उद्याचा सामना बघायला गोरेगावहून बैलगाडी जुंपून आले होते आणि येताना पंच्यात हुरडा बांधून आणला होता. टेनिस त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"पाटील, हे पुण्याचे. टेनिसचे मोठे जाणकार," किसनरावानं ओळख करून दिली. माझ्या काखेतली रॅकेट तेव्हाही तिथंच होती. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात पाटलांनी ओंजळभर हुरडा आणि त्यावर मिरचीचा ठेचा माझ्या हातावर ठेवला. मी एकदमच तोंडात टाकला. पुढचा पाव तास मी जाणकारासारखा गप्प होतो.

"तर आइका," पाटील माझ्याकडं वळून म्हणाले. "आमचा नागोराव रोज सायेबलोकायसंगं खेळतो अन् रोज हरतो. काहून हरतो, सांगा बरं?"

मी डोळे पुसत मान हलवली.

"मुद्दाम!" पाटलांनी मांडीवर थाप मारली. "मुद्दाम हरून राहिला तो!"

मग किसनरावानं ती सगळी रीत समजावून सांगितली. क्लबात संध्याकाळी चौघं लागतात आणि अंमलदार बहुतेक तीनच जमतात. चौथा म्हणून एखाद्या कारकुनाला बोलावतात. चौथ्यानं काय करायचं हे कोणी शिकवत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. साहेबांच्या उजव्या हाताला, कमरेच्या उंचीवर, ना जोरात ना मंद, असा चेंडू द्यायचा. साहेबांना चार पावलं पळवायचं, पाचवं नाही. शेवटी हरायचं, पण थोडक्यानं, म्हणजे साहेबांना जिंकल्यासारखं वाटतं. नागोराव हे बारा-तेरा वर्षं करत होता. त्याच्यासारखा चौथा मराठवाड्यात नाही असं म्हणत.

"म्हणजे त्याचा खरा खेळ अजून कोणी बघितलाच नाही," किसनराव म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "तो दाबून ठेवलाय त्यानं. उद्या साहेब समोर नाही, परका माणूस आहे. उद्या बाहेर निघेल!"

"कप्तानाबद्दल काय म्हननं हाय तुमचं?" पाटलांनी मला विचारलं.

मी कप्तानाला मुंबईत एकदा पाहिलं होतं, तेही एका जाड बाईंच्या छत्रीमागून. "त्याचा डावा हात कच्चा आहे," मी ठणकावून सांगितलं. "नागोराव तिसऱ्या सेटला घेणार." ठेच्यानं घसा बसला होता, त्यामुळं आवाजाला वजनही आलं होतं. हॉटेलवाल्यानं मला चहा फुकट दिला. बघता बघता बाकाभोवती माणसं जमली. मास्तर, कापडवाला, कोर्टातले दोन पट्टेवाले. प्रत्येकाकडं नागोरावाच्या दाबून ठेवलेल्या खेळाची काही ना काही खूण होती. कोणी त्याचं मनगट पाहिलं होतं, कोणी त्याला एकट्याला भिंतीशी खेळताना ऐकलं होतं. बोलता बोलता जो तो स्वतःवर यायचा. मास्तर म्हणाले, तेही तपासनीस साहेबांपुढं मुद्दामच कमी बोलतात. कापडवालाही काही कच्चा नव्हता. तो म्हणाला, अंमलदार घासाघीस करतो तेव्हा मी जाणूनबुजून हार खातो. सगळा बाजार मुद्दाम हरत होता आणि सगळ्यांचा खरा खेळ उद्या सकाळी दिसणार होता.

अंधार पडायच्या आत नागोराव फाटकातून बाहेर आला. चाळिशीकडं झुकलेला, बारीक चणीचा माणूस. सदरा घामानं पाठीला चिकटलेला. नुकताच हरून आला होता. लोकांनी वाट करून दिली. किसनरावानं थांबवून माझी ओळख सांगितली तेव्हा तो माझ्यासोबत चार पावलं चालला.

"कप्तानसाहेबाच्या खात्याची हैदराबादेत टीम हाय," तो हळू म्हणाला. "ते म्हणालेत, जिल्ह्यातला कोणी माझ्याकडून एक सेट काढला तर त्याला माझ्या खात्यात ओढून घेतो. बदली होईल माझी."

"पगार वाढेल?"

"पगाराचं न्हाई हो. तिथं मला खेळायला मिळेल. खरं." तो थांबला. "एक सेट. तेवढाच पुरे."

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबच्या कुंपणाबाहेर एवढी माणसं होती की झाडांवर पोरं आणि पोरांवर कावळे बसले होते. आम्हाला आत खुर्च्या मिळाल्या, त्या माझ्या रॅकेटमुळं. कप्तान उंच, हसतमुख माणूस. त्याचा राग यावा असं त्याच्यात काही नव्हतं, आणि तीच मोठी गैरसोय होती.

पहिला गेम नागोरावानं घेतला. त्याची सर्व्हिस अशी आली की मुरमातून धुरळा उडाला आणि कप्तान बघतच राहिला. कुंपणाबाहेर एकच आरोळी उठली. पाटलांनी माझ्या पाठीत थाप मारली. मी खुर्चीतून पुढं जाऊन एका तहसीलदाराच्या मांडीवर हात टेकले.

आणि मग कप्तान सर्व्हिस परतवू लागला. सर्व्हिस एकट्याची असते. पुढचा खेळ दोघांचा. कप्तान मारायचा, नागोराव धावून गाठायचा, आणि चेंडू परत जायचा तो कप्तानाच्या उजव्या हाताला, कमरेच्या उंचीवर, ना जोरात ना मंद. डावीकडं अख्खं कोर्ट मोकळं पडलेलं असायचं. माझ्यासारख्या आंधळ्यालाही दिसायचं. नागोरावही तिकडंच बघायचा, खांदा तिकडंच वळवायचा, आणि चेंडू मात्र उजवीकडं, जणू तबकात ठेवून.

"थकवून राहिलाय त्याला," पाटील म्हणाले.

"आता काढेल," किसनराव म्हणाला.

पहिला सेट गेला. दुसऱ्यात एकदा असं झालं की ते मी विसरणार नाही. जाळीजवळ धावत येताना कप्तानाचा पाय मुरमावरून घसरला आणि तो सपशेल आडवा झाला. चेंडू नागोरावापुढं उंच, अगदी सावकाश येत होता. समोर कोणी नव्हतं. कुठंही मारला असता तरी चाललं असतं. तो रॅकेट उगारून उभा राहिला. चेंडूनं एक टप्पा घेतला. कप्तान गुडघ्यावर आला, उठला, हातातली रॅकेट सावरली. तेव्हा नागोरावानं चेंडू मारला. कप्तानाच्या उजव्या हाताला.

"वाहवा! क्या शराफत है!" खुर्च्यांतून टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वांत जोरात नागोरावाचे साहेब टाळ्या वाजवत होते.

"काहून मारला न्हाई?" पाटील ओरडले. मग माझ्याकडं वळून हळूच, "काहून मारला न्हाई हो?"

जाणकारानं आपली रॅकेट खुर्चीखाली सरकवली.

सामना संपल्यावर कप्तान जाळीवरून आला आणि त्यानं नागोरावाच्या खांद्यावर हात टाकला. मनापासून म्हणाला, "बहुत अच्छी बॉल देते मियाँ तुम! ऐसी बॉल हैदराबाद में कोई नहीं देता. मैं जितने दिन यहाँ हूँ, रोज शाम को आना."

नागोरावानं वाकून सलाम केला.

हॉटेलात परत आलो तोवर निकाल लागून गेला होता, टेनिसचा नव्हे, दुसरा. "साहेबानं रात्री बोलावून दम दिला असनार," पट्टेवाला म्हणाला. "पाहुण्याला हरवू नको म्हणून." मास्तरांनी मान डोलावली. पडलेल्या माणसासाठी थांबला, यावरून तर शंकाच उरली नाही. किसनरावानं पुरावे लावून दिले, वकीलच तो. हळूहळू सगळ्यांचे चेहरे उजळले. मुद्दाम हरला! खरा खेळ अजून शिल्लक आहे! पाटलांनी उरलेला हुरडा वाटला आणि गाडी जुंपायला सांगितली. कालच्यापेक्षा आज ते जास्त खूश होते.

मी संध्याकाळी एकटाच क्लबाकडं गेलो. नागोराव कोर्टाबाहेर दगडी कट्ट्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. आत तिघं त्याची वाट बघत होते. कप्तान, साहेब आणि आणखी एक जण.

"लोक म्हणतात, तुम्हाला साहेबांनी दम दिला," मी म्हणालो.

"कोणी काही बोललं न्हाई मला." त्यानं नाडी घट्ट ओढली. "मी डावीकडंच मारत होतो. दर वेळी. मनात म्हणायचो, आता डावीकडं, आता डावीकडं. हात ऐकत न्हाई. एवढी वर्षं म्हणत होतो, हे नाटक हाय, खरा खेळ आत ठेवलाय." तो उजवा तळहात उघडून बघत राहिला, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता. "आत काही न्हाई. हाच माझा खेळ."

आतून हाक आली. "नागोराव!"

"आलो साहेब." तो उठला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुम्ही लिहिता म्हणे. लिहा तिकडं, पुण्यात. पण इथं लोक मुद्दाम म्हणतात, तर म्हणू द्या. माझ्या घरीही तेच कळलंय."

तो आत गेला. थोड्या वेळानं चेंडूचा आवाज येऊ लागला. एकसारखा, ठाय लयीत, कुठंही न चुकता. मी फाटकाशी जाऊन बघत उभा राहिलो. इतकं सुंदर टेनिस मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा पाहायची इच्छाही नाही. त्याचं नाव मी इथं बदललं आहे.

परतीच्या गाडीत आखाडा बाळापूरचे एक व्यापारी समोर बसले होते. शेतांवर ऊन उतरलं होतं. मी बाहेर बघत विचार करत होतो की आपण सगळे कसला तरी खरा खेळ आत जपून ठेवल्याच्या भरवशावर जगतो, आणि तो कधी बाहेर काढावा लागू नये एवढीच त्या भरवशाची अट असते. माझ्याही पोटात एक मोठं पुस्तक आहे. वेळ मिळत नाही म्हणून लिहीत नाही, असं मी घरी सांगत आलो आहे.

"हिंगोलीचे काय तुमी?" व्यापाऱ्यानं विचारलं.

"नाही, पुण्याचा. सामना बघायला आलो होतो."

"आसं!" ते पुढं सरकले. "आमच्या गावात लई बोलबाला झाला त्याचा. काय झालं मंग? हरला का नागोराव?"

"हरला."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. डब्यातली आणखी दोन-तीन माणसंही बघू लागली.

"मुद्दाम?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हणालो. "मुद्दाम."