भामरेला ‘छान’ म्हणता येत नाही

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी, तेच टेबल, तीच माणसं, आणि समोर भिंतीवर टीव्ही. त्याचा रिमोट कँटीनवाल्या रमिलाबेनच्या कमरेला खोचलेला! अशा ठिकाणी वर्षभरात इतकं साठतं की दिवाळीला मी नाशिकला गेले की भाऊ माझी खुशाली नंतर विचारतो. आधी विचारतो, “भामरेचं काय नवीन?”

सिल्वासाजवळ मसाटला आमची धाग्याची कंपनी आहे. मी लॅबमध्ये, जिग्नेशभाई स्टोअरला आणि भामरे मेंटेनन्सला फिटर. मूळचा शिरपूरकडचा, वय चौतीस, लग्न व्हायचंय. सिनेमा, गाणी, सिरियल, रिअ‍ॅलिटी शो, काही म्हणजे काही सोडत नाही.

खोटं बोलायला तो कमी नाही बरं का. बेअरिंग अजून खोक्यात असतं आणि हा फोनवर सांगतो, “बसवलं साहेब, मशीन चालूच करतोय!” आईला ‘भाकरी खाल्ली’ म्हणतो तेव्हा तोंडात समोसा असतो. पण सिनेमा कसा वाटला असं विचारलं, की हा कोर्टात उभा असल्यासारखा खरं बोलतो. समोर कोण आहे हे बघतच नाही.

*

स्टार देण्याची त्याला चीड आहे. त्याची स्वतःची पद्धत आहे. वेळेत सुरू, वेळेत सुट्टी, तो ‘जनरल शिफ्ट’ सिनेमा. बघता बघता डोळा लागला तर ‘नाइट शिफ्ट’. आणि दीड तासाची गोष्ट तीन तास ओढली तर ‘ओव्हरटाइम’.

जिग्नेशभाईंनी एकदा त्यांचा आवडता सिनेमा त्याला मोठ्या प्रेमानं दाखवला. घरी बोलावून, सोबत गरम फाफडा.

“केवु लाग्यु?” जिग्नेशभाई म्हणाले. “बोल ने यार, कसा वाटला?”

“फाफडा जनरल शिफ्ट,” भामरे म्हणाला. “सिनेमा ओव्हरटाइम.”

जिग्नेशभाई दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाले, इंटरव्हलनंतर थोडा लांबलाय खरा.

*

रमिलाबेन दुपारी जी सिरियल लावतात, तिच्यातल्या सुनेची स्मरणशक्ती गेली. रमिलाबेन डाळ वाढता वाढता पदरानं डोळे पुसायला लागल्या.

भामरे म्हणाला, “रडताय कायले? सुटली ती! मागचे सगळे एपिसोड विसरली. आमचं काय?”

त्या आठवड्यात सगळ्यांना ताक मिळालं. भामरेला पाणी.

*

आमचे साठेसाहेब, प्लँट मॅनेजर, पुण्याचे. अ‍ॅन्युअल डेला माइक हातात घेऊन एक जुनं दर्दभरं गाणं म्हणाले. डोळे मिटून म्हणाले. टाळ्या तर पडणारच, अप्रेजल तोंडावर होतं!

खाली उतरले ते नेमके भामरेसमोर. “काय भामरे, तू दर्दी माणूस. कसं झालं?”

मी मागून त्याचा शर्ट ओढला. उपयोग नाही.

“साहेब, सूर वाटेत भेटला होता. तुम्ही गाडी थांबवली नाही.”

पुढच्याच आठवड्यात त्याला तीन महिन्यांसाठी खडोलीच्या युनिटला पाठवलं. साहेब म्हणाले, तिथे माणूस कमी होता. असेलही.

*

माझ्या सासरची मंडळी आली तेव्हा आम्ही वासोण्याच्या सफारीत सिंह बघायला गेलो. भामरेलाही घेतलं. जाळीच्या बसमधून पाहिलं तर सिंह झाडाखाली ढाराढूर. पोरं हिरमुसली, सासरे कुरकुरायला लागले.

“काका, खरा हीरो असाच असतो,” भामरे म्हणाला. “धूर नाही, वारा नाही, स्लो मोशन नाही. आपणच जायचं त्याच्याकडे.”

तेवढ्यात सिंह उठला, आमच्याकडे बघून मोठ्यांदा गरजला. बसमध्ये किंकाळ्या! सासऱ्यांनी माझाच हात धरला.

भामरेनं तोंड वाकडं केलं. “घातली माती. इथं गरज नव्हती.”

*

हसतो आम्ही, पण या जिभेपायी त्याची दोन स्थळं गेली. पहिल्या ठिकाणी होणारे सासरे अभिमानानं म्हणाले, “अमुक सिनेमा मी सात वेळा पाहिलाय.” यानं काळजीनं विचारलं, “सातव्यांदा तरी समजला का?” दुसऱ्या ठिकाणी मुलीची आत्या गायची. ते सांगत नाही, तुम्हाला कल्पना आली असेल.

त्याच्या आईचा मला फोन आला. “ताई, त्याले समजावा ना. नुसतं छान म्हनायले काय जातं? मी किती दिवस पुरनार हाय?” बोलता बोलता रडायला लागल्या.

त्याला लॅबमध्ये बोलावून झापलं. तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, “मॅडम, मलाही पाहिजे हो घर. सिनेमाला एकटा जातो. इंटरव्हल झाला की सगळे आपापसात बोलतात आणि मी पॉपकॉर्नच्या लायनीत उगाच उभा राहतो.”

मला वाईट वाटलं. हा माणूस कधी असं बोलेल असं वाटलं नव्हतं.

*

तिसरं स्थळ इथलंच निघालं, सिल्वासातलं. मंडळी मूळची धुळ्याची. मुलगी वैशाली, एका गारमेंट युनिटमध्ये चेकर; भामरेचे किस्से तिथवरही पोचलेले. तिचा भाऊ नोकरी सांभाळून अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ काढतो हे कळल्यावर मी कपाळावर हात मारला.

आठवडाभर आम्ही भामरेची तालीम घेतली. जिग्नेशभाई रोज जेवताना मोबाइलवर काहीतरी भयंकर लावायचे आणि विचारायचे, “कसं आहे?” भामरे घाम पुसत म्हणायचा, “छान.” पहिल्या दिवशी त्याला ठसका लागला. शनिवारपर्यंत जमायला लागलं.

रविवारी त्याची आई, मी आणि जिग्नेशभाई, तिघं त्याच्यासोबत गेलो. पोहे आले, चहा आला, वैशाली आली. बसली, दोन प्रश्नांची उत्तरं दिली. भामरेनं शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलं होतं. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मला भीतीच वाटत होती.

आणि भाऊ म्हणाला, “पाव्हणं, आमचं नवीन गाणं दाखवतो!”

टीव्हीला मोबाइल जोडला. दुधनीच्या पाण्याकाठी भाऊ, डोळ्यावर गॉगल, विरहात रडतोय. मागे चार चुलतभाऊ नाचतायत. पहिलं कडवं संपलं. दुसरं सुरू झालं ते संपेचना. शेवटी तो घोड्यावर बसून सूर्यास्ताकडे निघाला. घोडा बहुतेक वरातीतला होता, कपाळाची झालरही काढली नव्हती. वैशाली सगळा वेळ गाण्याकडे नाही, भामरेकडे बघत होती.

गाणं थांबलं. भाऊ पुढे सरकला. “बोला! कसं वाटलं?”

भामरेच्या आईनं डोळे मिटले. जिग्नेशभाईंनी माझ्याकडे पाहिलं. भामरे घोटभर पाणी प्यायला, त्यानं ग्लास खाली ठेवला.

“छान,” तो म्हणाला.

स्पष्ट, न अडखळता! त्याच्या आईनं देवाला हात जोडले. भाऊ खूश, वडील खूश. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

वैशाली उठली. रिकाम्या बश्या एकावर एक रचल्या. भामरेच्या हातातली बशी घेताना त्याच्याकडे पाहून एवढंच म्हणाली, “मला वाटलं होतं, तुम्ही खरं सांगता.”

आणि आत निघून गेली.

भामरे बसल्या जागी लालबुंद झाला. मग ताडकन उठला, परक्याच्या घरात सरळ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. त्याची आई “अरे, अरे!” म्हणतेय, हा ऐकतोय कुठे!

“दुसरं कडवं काढून टाका!” तो दारातून म्हणाला. “आणि रडायचंय तर गॉगल कायले घातला? रडतोय ते दिसायला नको का?”

भावाचा चेहरा पडला. वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला. संपलं सगळं, मी मनात म्हटलं.

आतून भांड्यांचा आवाज थांबला.

“आणि घोडा?” वैशालीनं विचारलं.

भामरेनं जरा विचार केला.

“घोडा राहू द्या,” तो म्हणाला. “तेवढा एकच अ‍ॅक्टिंग करतोय.”