दादा सुट्टीवर हाय

जंगल पार्कात जीप चालवणाऱ्याकडे किस्से साठायला वेळ लागत नाही. जनावरं रोज तीच, माणसं मात्र रोज नवी. त्यामुळं किस्से जनावरांचे कमी आणि पावण्यांचेच जास्त!

कोल्हापूरच्या कडेला आमचा पार्क आहे. ही जीप आधी माझा थोरला भाऊ चालवायचा. तीन महिन्यांपूर्वी हायवेवर त्याच्या मोटारसायकलीला ट्रकनं उडवलं. दादा गेला, आणि साहेबांनी मला त्याच्या जागेवर तात्पुरतं घेतलं. मी आठवी नापास. जनावरांबद्दल दादानं घरी जेवताना सांगितलं, तेवढंच मला ठाऊक.

गवा दिसला नाही की दादा पावण्यांना शब्द द्यायचा, "परत या. गवा दावायची जबाबदारी माझी." किती जणांना दिला असेल, देव जाणे. ती माणसं आता परत येतात आणि विचारतात, "त्यो कुठाय?"

पहिल्यांदा कुणीतरी विचारलं तेव्हा माझ्या तोंडातून निघून गेलं, "दादा सुट्टीवर हाय." मग तेच चालू राहिलं.

*

कागलचे एक पैलवान दादाच्या शब्दावर आले ते मोठा डबा घेऊनच. आत मटणाचा तांबडा रस्सा. पार्कातल्या पिंजऱ्यातल्या बिबट्यासाठी!

मी सांगितलं, त्याला कच्चं मटण घालतात. पैलवान तापले.

"कच्चं घालताय? म्हणून तर त्यो कोपऱ्यात रुसून बसलाय की."

शेवटी डबा आम्ही स्टाफनंच संपवला. दादा सुट्टीवरून आला की त्यालाही द्या, असं पैलवानांनी जाताना बजावलं होतं. मी वाटीभर काढून ठेवला.

*

उचगावचे तात्या चार म्हशींचे मालक. त्यांच्या नशिबात गव्याची मादी अगदी जवळून दिसायची होती. सगळी जीप फोटो काढत होती, आणि तात्या वाकून कास बघत होते. दूध किती देते, असं त्यांनी विचारलं. मीही ठोकून दिलं, दहा लिटर.

तात्यांनी गंभीरपणे मान हलवली.

"आणि फॅट?"

*

एक कॉलेजचं पोरगं गवा यावा म्हणून सारखं शिट्ट्या मारत होतं. माझं डोकं सटकलं. मी ब्रेक मारला आणि म्हटलं, "उतर. जाऊन बोलवून आण."

कोल्हापूरच्या पोराला असं चॅलेंज द्यायचं नसतं, हे मी विसरलो. ते उतरलं, आणि तरातरा झाडीत शिरलं! मी मागं पळालो, हात जोडले, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. कसंबसं त्याला जीपमध्ये कोंबलं, तोवर पुढ्यातून खरंच एक गवा रस्ता ओलांडून गेला.

पोरगं म्हणालं, "आला का न्हाय?"

*

हे साहेबांच्या कानावर गेलं. त्याबद्दल शिव्या खाल्ल्याच, पण खरा राग दुसऱ्याच गोष्टीचा होता. लोक ऑफिसात येऊन दादाची सुट्टी कधी संपणार, असं विचारत होते. साहेबांनी सरळ सांगितलं, आता खरं बोलायचं. पुन्हा सुट्टी म्हणालास तर जीप दुसऱ्याला देतो. उद्या मी स्वतः सोबत येतो.

घरी आरशापुढं उभा राहून सराव केला. 'दादा' म्हणायचो, आणि पुढचा शब्दच निघायचा नाही.

*

दुसऱ्या दिवशी हुपरीहून एक आजी आल्या. घरात बसून चांदीची पैंजणं घडवणाऱ्या. साहेब माझ्या शेजारी बसलेले. आजींनी चढता चढताच विचारलं, "त्यो कुठाय?"

मी म्हटलं, "आधी बसा तर." आणि जीप काढली.

पाणवठ्याच्या वळणावर, दहा पावलांवर, गवा उभा! एवढा मोठा मीही कधी बघितला नव्हता. साहेब हळूच म्हणाले, आजी, बघा.

आजींनी पदर डोळ्यांवर ओढून घेतला.

"मी न्हाय बघायची. त्यानं दावतो म्हटलंय, त्यानंच दावाय पायजे. कवा येणार त्यो?"

साहेब माझ्याकडं बघत होते. मी तोंड उघडलं. म्हटलं, "दादा..." गवा निवांत चरत होता, आणि आजी पदराआड उत्तराची वाट बघत होत्या.

साहेबांनी घसा खाकरला.

"सोमवारी येतोय, आजी."