कोपऱ्यावर वळलेली इरकल

ओसाकात तानाबे स्टेशनला लागून जी बाजारगल्ली आहे, तिच्यात कपडेधुलाईचं एक छोटं दुकान आहे. सुनेत्राच्या नवऱ्याचे, चारुदत्तचे, बँकेत घालायचे शर्ट गेली पाच वर्षं तिथेच जायचे. काउंटरवरची मुलगी फारशी बोलायची नाही. शर्ट मोजायची, चिठ्ठी फाडायची, "गुरुवारी, चारनंतर" म्हणायची आणि मान लववायची. तिच्या छातीवरच्या पट्टीवर होत्ता असं आडनाव होतं. एवढीच सुनेत्राची तिच्याशी ओळख.

सप्टेंबरात मराठी मंडळींच्या गणपतीत पंगत बसली असताना सुनेत्राच्या साडीवर आमटीची वाटी कलंडली. साडी तिच्या आईची, डाळिंबी रंगाची जुनी इरकल. घरी धुवायची हिंमत झाली नाही, म्हणून ती पिशवीत घालून सुनेत्रा दुकानात गेली.

मुलीने साडी हातात घेतली आणि उलटसुलट करून पाहिली. "शिवण कुठे आहे हिची?"

"शिवण नसतेच," सुनेत्रा म्हणाली. "एकच सलग कापड. गुंडाळून नेसायचं."

मुलीने एक टोक धरून घडी उलगडली. काउंटर संपला तरी साडी संपेना. फळी उचलून ती बाहेर आली आणि मागे मागे सरकत पार दरवाजाशी पोचली. रांगेत उभ्या असलेल्या एका आजोबांनी न सांगता मधला भाग तोलून धरला. आमटीचा डाग कुठल्या कुठे राहिला. मुलगी गुडघ्यांवर बसून खालचा काठ बोटांनी चाचपत चालली होती. एका जागी ती थांबली. तिथे नखाएवढं रफू होतं, त्याच रंगाच्या धाग्याने केलेलं. सुनेत्राने ते आजवर पाहिलंही नव्हतं.

"इथे रोज काहीतरी लागायचं," ती म्हणाली. मग उभी राहून तिने सुनेत्राकडे सरळ पाहिलं. "मी चित्रं काढते. माझं नाव चिहारु. ही साडी मला काढायची आहे."

पाच वर्षांत ती एका दमात इतकं बोलली नव्हती.

घरी चारुदत्तने सगळं ऐकून घेतलं. "द्यायला हरकत नाही, पण आईंना विचार. साडी त्यांची."

आई म्हणजे मिरजेच्या कुमुदिनीबाई. एकतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. फोनवर त्या म्हणाल्या, "अगं, त्या जुनेराचं कसलं चित्र? तुझ्याकडे एखादी बरी साडी नाही का? तिला ती दे."

"तिला हीच हवीय, आई."

"मग देऊन टाक. पण फार दिवस उलगडून ठेवू नको म्हणावं. विरेल."

साडी स्वच्छ झाली ती सुनेत्राकडे आली नाही, चिहारुच्या खोलीवर गेली. महिन्याभराने सुनेत्रा ती पाहायला गेली, आणि ही अबोल मुलगी कोण आहे ते तिला तिथे कळलं.

चिहारु अठ्ठावीस वर्षांची. ओसाकाच्या दक्षिणेला टॉवेल विणणारी गावं आहेत, तिथली. वडील मागावर कामाला होते. चित्रकलेच्या विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा ती दोनदा नापास झाली. दोन्ही वेळा माणसाचं चित्र काढायला सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा चेहरा निर्जीव उतरला. मग दोन वर्षांच्या एका साध्या कॉलेजात शिकून ती धुलाईच्या दुकानात लागली, तात्पुरती म्हणून. त्याला आता सात वर्षं झाली होती.

"पहिल्या वर्षी मला वाटायचं, माझं चित्र सुटलं," जमिनीवर कागद पसरता पसरता ती सांगत होती. "रोज ऐंशी-नव्वद शर्ट हातातून जायचे. मग एक दिवस बिनचिठ्ठीचा शर्ट आला आणि तो कुणाचा ते मी कॉलरवरून ओळखलं. मान डावीकडे कलती ठेवणारे एक सद्गृहस्थ आहेत. कॉलर डावीकडेच झिजते. त्या दिवशी घरी येऊन मी तो शर्ट काढला. माझ्या हातून निघालेलं माणसाचं ते पहिलं जिवंत चित्र."

"पण शर्टात माणूस कुठे होता?"

"होता ना." तिला त्या प्रश्नाचं मनापासून नवल वाटलं. "नवे कपडे मला काढताच येत नाहीत. त्यांत अजून कुणी आलेलं नसतं. कोपर, गुडघा, खिशाची कड, बटणाचं काज; माणूस तिथे येऊन बसतो. मला फक्त त्या जागा चुकू द्यायच्या नसतात."

भिंतीला टेकवलेली चित्रं तिने एकेक करून वळवली. स्वयंपाक्याचा एप्रन, पोटाशी पुसट झालेला. शाळेचा कोट, एका खांद्यावर दप्तराच्या पट्ट्याने चकाकलेला. सुनेत्राला चित्रातलं काही कळत नव्हतं, पण त्या कोटाच्या खांद्यापुढून तिला हलवेना.

साडी मात्र चिहारुला मुळाबरहुकूम काढायची होती, जितकी लांब तितकीच. साडेपाच मीटर कागदाचा गुंडाळा, त्यावर पातळ रंगाचे थरावर थर. खोली इतकी लहान की एका वेळी जेमतेम दीड मीटर कागद उलगडायचा. तेवढा रंगवायचा, वाळवायचा, गुंडाळायचा आणि पुढचा उलगडायचा. सबंध चित्र तिने स्वतःही पाहिलेलं नव्हतं.

"भीती नाही वाटत?" सुनेत्राने विचारलं.

"खूप वाटते," चिहारु म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली.

फेब्रुवारीत निशितेन्मा भागातल्या एका गॅलरीत तिचं पहिलं एकल प्रदर्शन ठरलं. सोमवार ते शनिवार. चित्रं लावायला रविवारी सुनेत्रा हौसेने गेली. जिना ती जपून चढली, जणू तिचीच परीक्षा होती.

गॅलरीच्या मालकीणबाई ओमोरीसान साठीच्या, कडक शिस्तीच्या. छोटी चित्रं दुपारपर्यंत लागली. मग गुंडाळा उलगडायला घेतला. एक टोक भिंतीला लावून तिघी पुढे सरकत गेल्या. डाळिंबी रंग भिंतीवर पसरत चालला, काठाच्या रेघा धावत निघाल्या, आणि भिंत संपली. हातात अजून मीटरभर कागद शिल्लक होता.

ओमोरीसाननी नकाशा काढला. नकाशातली भिंत सहा मीटर होती. पण आतल्या खोलीकडे जायला त्यांनी गेल्या वर्षी त्या भिंतीतून वाट काढली होती आणि नकाशा जुनाच राहिला होता. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी खाली वाकून माफी मागितली, मग पुन्हा मागितली. "शेवटचा मीटर गुंडाळलेलाच ठेवू या," त्या म्हणाल्या. "जुनी पटचित्रं तशी ठेवतात. वाईट दिसणार नाही."

"शेवटचा मीटर म्हणजे पदर," सुनेत्राच्या तोंडून निघून गेलं. "पदर झाकून कसं चालेल?"

कागद हातात धरून चिहारु भिंतीच्या कडेशी उभी होती. मग तिने उरलेला भाग कोपऱ्यावरून हळूच आतल्या वाटेकडे वळवला.

"रंग तडकेल," ओमोरीसान म्हणाल्या.

"पाच महिने रोज गुंडाळतेय. तडकायचा असता तर केव्हाच तडकला असता. फक्त कोपऱ्याची धार लागायला नको."

ओमोरीसाननी पुठ्ठ्याची एक जाड नळी आणून उभी चिरली, कोपऱ्यावर बसवली, आणि धार गेली. त्या गोलाईवरून कागद अलगद वळला. चिहारु मागे मागे सरकत खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. आपलं चित्र ती पहिल्यांदाच असं उलगडलेलं पाहत होती. मग म्हणाली, "मी ती सरळ काढली होती. हेच चुकलं होतं. ती कशाला तरी वळसा घालूनच असते."

सुनेत्राही तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. निऱ्यांच्या पुसट घड्या, पोटऱ्यांशी फिका झालेला काठ, आणि मग कोपऱ्याआड गेलेला पदर. मिरजेच्या घरात आई नुकतीच काहीतरी विचारून स्वयंपाकघरात वळली आहे, असं तिला वाटलं. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि उगाचच दोन घोट घेतले.

सोमवारी वीस-बावीस माणसं आली, बहुतेक ओळखीची. धुलाईच्या दुकानाचे मालक टाय लावून आले. मंगळवारी कुणीतरी कोपऱ्याचा फोटो इंटरनेटवर टाकला आणि बुधवारी जिन्यावर रांग लागली. लोक साडीसमोरून चालत जायचे, कोपऱ्याशी अडखळायचे आणि आत डोकावायचे, कुणी आहे का तिथे म्हणून. चारुदत्त ऑफिसातल्या दोघांना घेऊन आला. त्यांतल्या नाकामुरासाननी शर्टाच्या चित्रापुढे उभं राहून नकळत स्वतःची कॉलर चाचपली. सुनेत्राचं दुपारचं घरकाम आठवडाभर वाऱ्यावर होतं. ती रोज तानिमाची लाइन पकडून गॅलरीत जायची आणि साडी कशी नेसतात ते अनोळखी बायकांना हातवारे करून सांगायची.

गुरुवारी तीनच्या सुमाराला तिने मिरजेला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन चित्रावरून सावकाश फिरवला. कुमुदिनीबाई चष्मा पुसून पाहत होत्या.

"थांब," त्या म्हणाल्या. "जरा मागे घे. खाली. हे माझं रफू हिनं काढलंय?"

"हो."

"बसच्या पायरीला खिळा होता, सुनेत्रा. तासगाव गाडीच्या. पहिला तास गाठायचा म्हणून धावत चढायची मी, आणि रोज तिथेच अडकायची. डेपोत दोनदा अर्ज दिला, तरी खिळा तिथेच." त्या जराशा थांबल्या. "तुझे बाबा गेले त्या वर्षी मी बदली मागितली नाही. त्याच गाडीनं जात राहिले. घरात बसवत नव्हतं."

सुनेत्राला हे ठाऊक नव्हतं. आई शाळेत जायची एवढंच तिला माहीत. तिने जमेल तसं जपानीत चिहारुला सांगितलं, बदलीची गोष्टसुद्धा. चिहारुने फोन दोन्ही हातांत घेतला आणि पडद्यासमोर खाली वाकली.

"विचारा ना त्यांना, कुठला पाय आधी टाकायच्या?"

"डावा," पलीकडून उत्तर आलं. "उजव्या हातात वह्या असायच्या, दांडी डाव्या हातानं धरायची."

चिहारु फोन घेऊन निऱ्यांपाशी गेली. काठ डावीकडे जास्त विरलेला तिने काढलाच होता. तिने त्यावर बोट ठेवून दाखवलं. कुमुदिनीबाईंनी चष्मा काढला. "तिला सांग," त्या म्हणाल्या, "मॅट्रिकच्या वर्गात अशी एक मुलगी असली की मास्तरांना वर्षभर पुरते."

शनिवारी नागोयाच्या एका मोठ्या गॅलरीचं बोलावणं आलं, पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनासाठी. ओमोरीसानच जास्त खूश झाल्या. आता दुकानाचं काम सोडणार का, असं त्यांनी विचारलं तेव्हा चिहारु गोंधळली. "सोडून कसं चालेल? कपडे तिथेच येतात." आठवड्याचे तीन दिवस तिने ठेवले.

संध्याकाळी पाचला प्रदर्शन बंद झालं. सुनेत्रा निरोप घ्यायला वळली, तर चिहारु दाराशी एका पाहुण्यांशी बोलत होती. ते निवृत्त स्टेशनमास्तर होते, घरी नोकरीतल्या चाळीस वर्षांचे पांढरे हातमोजे जपून ठेवलेले. चिहारुच्या हातात वही होती, कानामागे पेन्सिल, आणि नजर दुकानात साडीचा काठ चाचपताना होती तशीच. "सगळे आणाल?" ती विचारत होती. "फाटलेले आधी आणा."