अक्काच्या गालावरचे निळे ठिपके

अक्का, माझी थोरली बहीण, दिसायला देखणी. पण पुटकुळ्या बसल्यावर तिच्या डाव्या गालावर बारीक खड्डे राहिले होते. तिच्यासाठी स्थळं पाहायला लागले आणि घरात त्या खड्ड्यांशिवाय दुसरा विषय उरला नाही. नव्वदनंतरची गोष्ट. आई तिला धरणगावहून धुळ्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. सोबत मी. मी तेव्हा अकरावी सायन्सला, म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली.

डॉक्टरांनी खड्ड्यांत बारीक सुईने टोचून वर मलम लावलं. जखम भरताना खालून नवी कातडी धरते, म्हणाले. महिन्या-महिन्याने सहा वेळा यायचं. पण चाळीसगावची मंडळी तिला बघायला येणार होती वीस दिवसांत. त्या मुलाचा फोटो अक्काने आरशामागे ठेवला होता. दिवसातून चारदा आरसा पुसायची.

"त्यात काय एवढं? मी टोचते," मी म्हणाले. अक्काने मुकाट्याने गाल पुढे केला.

एकेक सुईने वेळ लागेल, म्हणून आठवडी बाजारातल्या गोंदणाऱ्या बाईकडून दोऱ्याने बांधलेली तीन सुयांची जुडी मागून आणली. पातेल्यात उकळली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. दोऱ्याच्या वेढ्यांत गोंदणाचं काजळ मुरलेलं होतं, हे काही माझ्या सायन्सला सुचलं नाही. टोचताना ते ओल्या मलमात उतरत गेलं. दुखतंय का विचारलं की अक्का म्हणायची, चालू दे.

खपल्या पडल्या तेव्हा गालावर सात निळे ठिपके उरले होते. खड्डे होते तिथेच.

"हाई काय शे व?" आई ओरडली.

"मीच गोंदाई लिधं, माय. माले हौस व्हती," अक्का म्हणाली.

आईने तिच्या पाठीत दोन धपाटे घातले. मी दाराशी उभी राहून ते ऐकलं, पाहिलं, आणि गप्प बसले.

पाहुणे आले, पोहे खाऊन गेले. मुलाची आत्या जाताना आईला म्हणाली, "खड्ड्यांचं काही नव्हतं हो. पण आमचा मुलगा नोकरीवाला, गोंदलेली मुलगी चारचौघांत बरी दिसत नाही." दुसऱ्या दिवशी अक्काने आरशामागचा फोटो काढून परत पाठवायला आईच्या हातात दिला. खड्डे चालले असते. हे वाक्य माझ्या छातीत अजून रुतून आहे.

पुढे तिचं लग्न झालं, संसार चांगला झाला. आई मात्र अक्काला हट्टी समजतच गेली.

परवा अक्काच्या मुलीने त्या ठिपक्यांना बोट लावून विचारलं, हे कुणी केलं? मी समोरच बसले होते. अक्काने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मला हौस होती," ती म्हणाली, आणि मी याही वेळी काही बोलले नाही.