सल्लागाराच्या खुर्चीत मी

हसणार नसाल तर सांगतो. हसालच म्हणा, पण निदान हातातला चहा तेवढा खाली ठेवा, कुणाच्या तरी अंगावर सांडायचा.

मी जिल्हा परिषदेचा मास्तर. वळसंगच्या पुढं एका वस्तीवरच्या शाळेत बारा वर्षं पोरांना बाराखडी शिकवतोय. आता असल्या माणसानं स्वतःच्या चार वर्षांच्या पोरीच्या ज्युनिअर केजीसाठी सल्लागार शोधावा का? शोधला की राव!

त्याचं झालं असं. जुळे सोलापुरात आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येकानं ॲडमिशनसाठी कुणी ना कुणी सल्लागार धरलेला. समोरच्या वहिनी एकदा म्हणाल्या, "अजून कुणालाच धरलं नाही तुम्ही?" आवाज असा, जणू पोरीला गोवराची लसच द्यायची राहिलीय!

झालं. माझ्या बायकोची, अश्विनीची झोप उडाली आणि तिनं माझी उडवली. त्यात आमची गौरी अशी, की पाहुणे आले की सोफ्यामागं. नाव विचारलं की ओठ शिवल्यासारखे बंद.

"हिला कोण घेणार हो शाळेत?" अश्विनी विचारायची. वर्गातल्या पंचवीस पोरांना बोलतं करणारा मी, घरात मात्र मुका!

शेवटी सात रस्ता चौकाजवळचा एक पत्ता मिळाला. 'एम. डी. कदम, शालेय प्रवेश सल्लागार.' शनिवारी सकाळची शाळा सुटली तसा परस्पर तिकडं गेलो. शाळेत कुणाला पत्ता लागू दिला नाही. मास्तरच सल्लागाराकडं गेला म्हटल्यावर वस्तीवर तोंड दाखवायला जागा राहिली असती का?

दुसरा मजला. दार उघडंच. आत एक गृहस्थ बसलेले, मांडीवर फाईल, डोळ्यांवर चष्मा आणि अंगात कोट. कोट! सोलापूरच्या उन्हात कोट घालणारा माणूस एकतर नवरदेव असतो, नाहीतर फार मोठा तज्ज्ञ. हेच कदम सर, मी ओळखलं.

मला बघून ते ताडकन उभे राहिले. आता बारा वर्षांची सवय हो माझी. समोर कुणी उभं राहिलं की तोंडातून आपोआप निघतं, "बसा, बसा."

तिथंच घात झाला.

"या सर, बसा की," म्हणत त्यांनी टेबलामागची फिरती खुर्ची दाखवली. मला वाटलं, नवी पद्धत असेल, पालकाला मोठ्या खुर्चीत बसवायचं म्हणजे त्याची भीती जाते. बसलो. भीती काही गेली नाही.

"सर," ते सुरू झाले, "आमचा जुनेद चार वर्षांचा हाय. घरात पोपटावानी बोलतो. बाहेर गेलं की एकदम गप्प."

व्वा! आधी नाव बदलून स्वतःच्या मुलाचं उदाहरण द्यायचं, म्हणजे समोरचा मोकळा होतो. काय हुशार माणूस!

"मग काय केलं तुम्ही?" मी वही काढली.

"काय करनार? आधी ओरडलो. तर अजूनच गप्प. मग त्याची दादी म्हटली, पोराला इचारू नको, त्याच्यासंगं खेळ. खेळता खेळता बोलतोय आता थोडं."

मी शब्दन् शब्द उतरवला. मग आमची कहाणी सांगितली. सोफ्यामागं लपते म्हटल्यावर त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"तुमची पन? खरंच?" म्हणत त्यांनीही डायरी काढली. "मग तुमी काय करता, सर?"

डॉक्टरांपुढं खरं बोलावं तसं मी खरं बोललो. "नाव सांग म्हणून तिला पाहुण्यांपुढं उभं करत नाही. पाण्याचा पेला न्यायला सांगतो. हातात काम असलं की भीती विसरते."

"लई भारी, सर!" त्यांनी खाली दोन रेघा मारल्या. मी पास होतोय असं वाटून माझी छाती जरा फुगली.

मग त्यांनी आवाज एकदम खाली आणला. "सर, खरं सांगा. ह्यात आईबापाचीच काय चूक हाय का?"

हाच खरा प्रश्न, बाकीचं सगळं नुसतं बोलणं होतं. "असेल," मी म्हणालो. "दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांसंगं बोलतो मी. घरी येईपर्यंत दमून जातो. माझ्या पोरीच्या वाट्याला काय उरतं?"

त्यांनी चष्मा काढला. पुसला. "माझं बी तसंच हाय, सर."

तेवढ्यात खांद्याला पर्स लावलेल्या एक बाई धापा टाकत आत आल्या. "सॉरी हं, गाडी पंक्चर झाली. आणि तुम्ही माझ्या खुर्चीत काय करताय?"

आम्ही दोघांनी एकदम एकमेकांकडं बोट दाखवलं. "हे सर..."

"सर कसले? कदम मी!"



"मग तुमी कोन?" कोटवाल्यानं विचारलं.

"गौरीचा बाप! आणि तुम्ही?"

"जुनेदचा! इक्बाल. चादरीचं दुकान हाय आपलं."

कदम मॅडम खुर्चीला धरून हसल्या. मग आमची वही आणि डायरी मागून घेतली, नीट वाचली आणि म्हणाल्या, "ह्यात मी काय भर घालू? एकच सांगते. मुलांकडून उत्तरं पाठ करून घेऊ नका."

एवढा सोपा सल्ला! पाळला का मी? छे! घरी आलो आणि धीरच सुटला. पंधरा दिवस, अंघोळीच्या वेळी, स्कूटरवर, जेवताना, सारखं एकच: 'व्हॉट इज युवर नेम?' गौरी एक अक्षर बोलायची नाही. मग उत्तर मीच द्यायचो, तिच्या वतीनं, तिच्याच आवाजात.

ॲडमिशनसाठी शाळेत भेटीचा दिवस आला. मुलाखत म्हणायचं नाही बरं का, 'इंटरॅक्शन' म्हणायचं. गौरी कोपऱ्यात ठोकळे रचत बसली. आणि मुख्याध्यापिका बाई अचानक माझ्याकडं वळल्या.

"ॲन्ड युवर नेम, सर?"

मी उभा राहिलो. हाताची घडी घातली.

"माय नेम इज गौरी. आय ॲम फोर इयर्स ओल्ड. आय लाइक मँगो."

अश्विनीनं फाईलमध्ये तोंड लपवलं. आणि परक्यांपुढं जन्मात न बोललेली आमची पोरगी कोपऱ्यातून ठणठणीत ओरडली, "बाबा, ते माझं उत्तर हाय की!"

ॲडमिशन तिथंच झालं. फॉर्म भरायची वेळ आली, तशी मी पेन काढलं. बाईंनी हळूच फॉर्म अश्विनीकडं सरकवला.

"वडिलांचं नाव तुम्हीच लिहा," त्या म्हणाल्या, "यांना सध्या आठवेल असं वाटत नाही."